नगरपरिषदेचा ठराव झाला, बंदीची रिक्षा फिरली. आता कागदावर काय काय तपासायचं?

टिपणवही (प्रश्न)

महाराष्ट्रातल्या एका 'क' वर्ग नगरपरिषदेनं सर्वसाधारण सभेत एकच ठराव करून चार गोष्टी जाहीर केल्या आहेत.

पहिली, बसस्थानक ते मंडई या मुख्य रस्त्यावर हातगाडी आणि पथारी पूर्ण बंद. दुसरी, दुकानांच्या पायऱ्या, पत्रे, ओटे ७ दिवसांत काढायचे. नाही काढले तर नगरपरिषद काढणार आणि खर्च वसूल करणार. तिसरी, प्रत्येक व्यावसायिकाकडून वर्षाला 'स्वच्छता व परवाना शुल्क'. टपरी असो की तीन मजली दुकान, रक्कम सारखीच. चौथी, रात्री ९ नंतर सगळं बंद.

ठराव वाचायला कुठंच मिळत नाही. रिक्षावरच्या कर्ण्यातून घोषणा झाली आणि काही जणांना सहीशिक्क्याशिवाय छापील कागद मिळाला. कारवाई मात्र सुरू झाली आहे, आणि तीही रस्त्याच्या एकाच बाजूला.

वाहतुकीची अडचण खरी आहे. मुख्य रस्त्यावरून रुग्णवाहिका निघत नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून 'सगळं रद्द करा' असं निवेदन लिहायचं नाही. यातलं नगरपरिषदेच्या अधिकारात काय बसतं, काय बसत नाही, दाद कुठं मागायची आणि पर्याय काय सुचवायचा, हे जाणकारांनी मुद्द्यानं सांगावं.

---

आवकजावक

सुरुवात कागद मिळवण्यापासून करा. ठरावाची प्रमाणित प्रत हातात आल्याशिवाय निवेदन लिहू नका. घोषणेतला मजकूर आणि ठरावातला मजकूर पुष्कळदा वेगळा असतो. 'नियमन करण्यात यावे' एवढाच ठराव असतो आणि रिक्षावरच्या घोषणेत त्याची 'बंदी' होते.

नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज 'जोडपत्र अ' मध्ये करायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. चारही बाबी एका अर्जात कोंबल्या तर तेवढ्या कारणावर अर्ज अडकतो, म्हणून वेगवेगळे अर्ज करा. उत्तराला ३० दिवस; न आल्यास किंवा अपुरं आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. घाई असेल तर प्रतींऐवजी 'अभिलेखाची पाहणी' मागा. पहिला तास मोफत असतो, आणि कोणती पानं हवीत ते तिथंच कळतं.

मागायचं काय, तर सभेची नोटीस व विषयपत्रिका, त्या विषयावरची खात्याची टिपणी, ठरावाचा पूर्ण मजकूर सूचक-अनुमोदकासह, सभेचं इतिवृत्त, आणि कारवाईचे आदेश कोणाच्या सहीनं निघाले ती कार्यालयीन प्रत.

ते हातात आलं की विषय विषयपत्रिकेवर होता की 'आयत्या वेळचे विषय' म्हणून घुसवला, हे आधी बघा. लोकांच्या पोटापाण्यावर परिणाम करणारा विषय आयत्या वेळी आला असेल तर ते निवेदनात पहिल्या ओळीत लिहा. मग टिपणीत कायद्याचं कलम दिलं आहे का ते बघा. 'शहरहितार्थ' हे कलम नव्हे. शेवटी सूचक, अनुमोदक किंवा मतदान करणाऱ्यांपैकी कोणाचा त्याच रस्त्यावर धंदा, गाळा किंवा पार्किंगचा ठेका आहे का, तेही तपासा. ज्या विषयात आर्थिक हितसंबंध आहे, तिथं सदस्यानं चर्चेपासून आणि मतदानापासून दूर राहायला हवं. आरोप करायची गरज नाही. मालमत्ता कर आकारणी नोंदवहीतला उतारा आणि इतिवृत्तातलं नाव शेजारी ठेवा, पुरतं.

नगरपरिषदेवर प्रशासक असेल तरी हे सगळं लागू आहे. प्रशासक ठराव करतो तेव्हा सभा नसते, पण टिपणी आणि कारण असावंच लागतं.

---

सनदशीर

वरच्यात एक भर. ठराव, उपविधी आणि नोटीस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निम्मे वाद त्या एकच समजल्यामुळे होतात.

ठराव म्हणजे नगरपरिषदेनं स्वतः काय करायचं याचा निर्णय. नागरिकावर नवं बंधन घालायचं, मोडल्यास दंड करायचा, तर त्यामागं नगरपरिषद अधिनियमातलं कलम हवं किंवा रीतसर केलेला उपविधी (नगरपरिषदेचा स्वतःचा नियम) हवा. उपविधी म्हणजे मसुदा प्रसिद्ध करणं, हरकती-सूचना मागवणं, त्यांचा विचार करणं आणि वरची मंजुरी घेणं. हे टप्पे टाळून नुसत्या ठरावावर दंडाच्या पावत्या फाडल्या तर त्या पावत्यांना पाया नाही.

आता शुल्काचा मुद्दा. संविधानाच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येत नाही. नाव 'शुल्क' ठेवल्यानं सुटका होत नाही. जलालाबादच्या टाउन एरिया कमिटीचा १९५२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नेमका अशाच छोट्या गावातला आहे. भाजी-फळांच्या ठोक व्यवहारावर कमिटीनं शुल्क लावलं आणि वसुली ठेकेदाराकडं दिली. अर्जदार स्वतःच्या दुकानात धंदा करत होता. कायद्यानं कमिटीला फक्त तिच्या मालकीची जागा वापरण्याबद्दल आकार घ्यायची मुभा दिली होती. खासगी दुकानातल्या विक्रीवर शुल्क लावणं त्या अधिकाराबाहेर ठरलं, आणि बेकायदा शुल्क म्हणजे व्यवसायाच्या मूलभूत हक्कावरचा अडथळा, असं न्यायालयानं म्हटलं.

दोन वर्षं आधी, १९५० मध्ये, कैराना नगरपालिकेचं प्रकरण. तिथं परवानगीशिवाय ठोक भाजीविक्रीला मनाई, पण उपविधींत परवाना देण्याची तरतूदच नाही, आणि मक्ता एकाच माणसाला दिलेला. म्हणजे बंधन नावाचं, प्रत्यक्षात पूर्ण बंदी. सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही. तुमच्या गावात हातगाड्या हटवून तीच जागा एखाद्या ठेकेदाराला 'स्टॉल व्यवस्थापना'साठी द्यायचा बेत असेल, तर हा निकाल जोडा.

तिसरा निकाल १९५४ चा, द्वारकाप्रसाद लक्ष्मीनारायण विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य. कोळशाच्या परवान्यांबद्दलचा आहे. परवाना द्यायचा की नाकारायचा हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर, कसोटी कुठलीच नाही; तेवढ्यावर ती तरतूद टिकली नाही. ठरावात 'मुख्याधिकारी यांना योग्य वाटेल त्याप्रमाणे' असे शब्द असतील तर त्यांना लाल पेनानं अधोरेखित करा.

सरसकट एकच रक्कम याबद्दल माझं स्पष्ट मत: टपरीला आणि मोठ्या दुकानाला सारखाच आकार म्हणजे समानता नव्हे. कचरा किती निघतो, जागा किती चौरस मीटर, यावर टप्पे ठरले पाहिजेत, आणि त्या सेवेवर नगरपरिषदेचा खर्च किती हे टिपणीत दिसलं पाहिजे.

---

पथारीपासून

हातगाडीवाल्यांचं वेगळं लिहितो, कारण त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे आणि ठराव करणाऱ्यांना तो बहुधा आठवत नाही: पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४.

त्यातलं कलम ३(३) सगळ्यात महत्त्वाचं. सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्व विक्रेत्यांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. सर्वेक्षण दर ५ वर्षांत एकदा तरी व्हायला हवं. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा: शेवटचं सर्वेक्षण कधी झालं, यादी कुठं आहे, प्रमाणपत्रं किती वाटली?

दुसरा प्रश्न: नगर पथविक्रेता समिती आहे का? अध्यक्ष मुख्याधिकारी असतात. किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले हवेत, त्यात एक तृतीयांश महिला. स्वयंसेवी व वस्तीपातळीवरच्या संस्थांचे किमान १० टक्के. इथं हमखास होणारी चूक म्हणजे निवडणूक न घेता 'प्रतिनिधी' नेमणं. मग ती समिती बंदीला मान डोलावते आणि इतिवृत्तात 'समितीची सहमती' असं येतं. निवडणुकीचा कार्यक्रम आणि मतदारयादी मागा.

'ना-विक्री क्षेत्र' कसं ठरवायचं याची तत्त्वं कायद्याच्या अनुसूचीतच दिली आहेत. ती निवेदनात एकाखाली एक उतरवा. सध्याचा बाजार किंवा सर्वेक्षणात आढळलेला नैसर्गिक बाजार ना-विक्री क्षेत्र करता येत नाही. क्षेत्र असं आखायचं की कमीत कमी विक्रेते विस्थापित होतील. गर्दी हा आधार चालत नाही. अस्वच्छता हा आधार तेव्हाच, जेव्हा ती केवळ विक्रेत्यांमुळेच आहे आणि नगरपरिषदेच्या नेहमीच्या कामानं सुटण्यासारखी नाही. आणि सर्वेक्षण व आराखडा होईपर्यंत कोणतंही ना-विक्री क्षेत्र जाहीरच करता येत नाही. तुमच्या ठरावातली पहिली बाब इथंच अडते. बसस्थानक ते मंडई हा पट्टा नैसर्गिक बाजाराचा नसेल तर कुठला असणार? गिऱ्हाईक आणि विक्रेता वर्षानुवर्षं जिथं आपोआप जमतात, त्यालाच कायदा नैसर्गिक बाजार म्हणतो.

स्थलांतर करायचंच असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते. मुदतीनंतरही न हटल्यास दंड दिवसाला २५० रुपयांपर्यंत, आणि तो जप्त मालाच्या किमतीपेक्षा जास्त नाही.

एक मर्यादाही सांगतो, नाहीतर अपेक्षा चुकतील. प्रमाणपत्र स्वतः (किंवा कुटुंबातल्या माणसानं) धंदा करणाऱ्यासाठी आहे. एकानं चार गाड्या लावून त्या भाड्यानं दिल्या असतील तर त्याला हे संरक्षण नाही, आणि निवेदनात अशा गाड्यांची बाजू घेतली तर खऱ्या विक्रेत्यांचं नुकसान होतं. यादी आधी स्वच्छ करा.

---

मोजपट्टी

दुकानांच्या पायऱ्यांबद्दल. इथं नगरपरिषदेची बाजू बऱ्याचदा भक्कम असते. सार्वजनिक रस्त्यावरचा ओटा, पायरी, पत्रा हे अतिक्रमण आहे आणि ते काढायचा अधिकार अधिनियमात आहे. 'वडिलांच्या काळापासून आहे' हे उत्तर चालत नाही. पण वाद रस्त्याची हद्द कुठं आहे याचा असतो, आणि तो तोंडानं सुटत नाही.

मिळकत पत्रिका आणि नगर भूमापनाचा नकाशा काढा. उपअधीक्षक भूमि अभिलेख यांच्याकडं हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. त्या अर्जाची पावती नोटिशीच्या उत्तराला जोडा आणि मोजणी होईपर्यंत कारवाई थांबवण्याची लेखी विनंती करा. बांधकाम परवानगीचा मंजूर नकाशा असेल तर त्यात पायऱ्या कुठं दाखवल्या आहेत ते बघा.

सगळ्यात मोठी चूक होते ती विकास आराखड्याच्या रेषेत. अस्तित्वातला रस्ता समजा ९ मीटर आहे आणि आराखड्यात तो १२ मीटर दाखवला आहे. कर्मचारी १२ मीटरच्या रेषेवर खडू मारतात आणि आतलं सगळं अतिक्रमण म्हणतात. ते चूक आहे. रुंदीकरणासाठी दाखवलेली जमीन खासगी असेल तर ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ प्रमाणे घ्यावी लागते: करारानं, विकास हक्क हस्तांतरण किंवा वाढीव चटईक्षेत्र देऊन, नाहीतर भूसंपादन करून. घेतली नसेल तोवर ती मालकाचीच. १० वर्षांत घेतली नाही तर मालक कलम १२७ ची खरेदी सूचनाही (जमीन घ्या, नाहीतर मोकळी करा अशी नोटीस) देऊ शकतो. म्हणून नोटिशीच्या उत्तरात एकच प्रश्न ठळक लिहा: रेषा अस्तित्वातल्या रस्त्याच्या हद्दीची आहे की प्रस्तावित रुंदीची?

एकाच बाजूला कारवाई हा मुद्दाही मोजूनच मांडा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा तक्ता करा: मिळकत क्रमांक, पुढं आलेली लांबी सेंटिमीटरमध्ये, नोटीस मिळाली की नाही, कारवाईची तारीख, तारखेसह फोटो. दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे, आणि असा तक्ता समोर असताना 'भेदभाव झाला' हे शब्द लिहायचीही गरज उरत नाही.

रात्री ९ ची वेळ: दुकानांच्या वेळा ठरवणं नगरपरिषदेचं काम नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवता येतं (कामगाराला सलग २४ तासांची साप्ताहिक सुटी देऊन), आणि वेळा निश्चित करायच्याच असतील तर तो अधिकार राज्य शासनाचा, अधिसूचनेनं. गोंगाटाची तक्रार असेल तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, रात्र म्हणजे १० ते ६. आवाज करणाऱ्यावर कारवाई करा, शेजारच्या औषधाच्या दुकानाचं शटर कशाला पाडायचं?

---

टिपणवही

चारही बाबी सुट्या करून घेतो. दाद मागायचा क्रम काय ठेवावा? थेट उच्च न्यायालयात जावं असं काहींचं म्हणणं आहे.

---

सनदशीर

आधी मुख्याधिकारी, लगेच जिल्हाधिकारी. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी तहकूब करू शकतात: ठराव कायद्याशी विसंगत असेल, किंवा त्यातून लोकांना त्रास वा शांतताभंग होण्याची शक्यता असेल तर. अर्जात कलमाचा उल्लेख करा आणि 'तहकुबी' हा शब्द वापरा. नुसतं 'न्याय मिळावा' लिहिलं की अर्ज 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुन्हा नगरपरिषदेकडंच येतो.

अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नको. प्रत्येक बाबीला एक परिच्छेद: ठरावातले शब्द, त्याविरुद्ध जाणारं कलम, जोडपत्राचा क्रमांक. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली जाता येतं, पण 'आधी उपलब्ध मार्ग वापरला का' हा प्रश्न तिथं पहिल्यांदा येतो. अपवाद एकच: उद्या सकाळी बुलडोझर येणार अशी परिस्थिती. तेव्हा थांबू नका. दिवाणी दाव्याला नगरपरिषदेला आधी नोटीस द्यावी लागते, त्यामुळे तातडीत तो मार्ग सोयीचा नाही.

---

आवकजावक

पर्यायाचं कोणी लिहिलं नाही, आणि माझ्या मते निवेदनाचा अर्धा भाग तोच हवा. नगरपरिषदेला रस्ता मोकळा हवा आहे. तो कसा होईल हे आकड्यांत दाखवलं तर सभेत ठराव दुरुस्त करून घेणं सोपं जातं.

तीन दिवस मोजणी करा: बाजाराचा दिवस, साधा दिवस, रविवार. सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी. कुठल्या ठिकाणी रस्ता किती मीटर मोकळा राहतो, अडवतंय कोण: हातगाडी, उभी दुचाकी की माल उतरवणारा टेम्पो. पुष्कळदा दुचाकी आणि टेम्पोच निघतात. मग माल उतरवायची वेळ सकाळी ८ च्या आत, दुचाकीला एका बाजूला सम-विषम तारखेचं पार्किंग (याची अधिसूचना पोलिसांकडून लागते), आणि हातगाड्यांना पट्टे मारून क्रमांक दिलेल्या जागा असा प्रस्ताव येतो. पायी चालायला किमान १.८ मीटर मोकळा पट्टा सोडायचा. चौकाच्या तोंडाशी, रुग्णालयाच्या फाटकाशी आणि अग्निशामक गाडी वळते तिथं एकही जागा नाही. जागावाटप उघड्यावर चिठ्ठ्या काढून, चित्रीकरणासह. जागा कमी पडल्या तर वेळ वाटून घ्या, सकाळची पाळी आणि संध्याकाळची पाळी.

कारवाईचा क्रमही प्रस्तावातच लिहा: आधी लेखी ताकीद, मग ऐकून घेऊन दंड, मग ठरावीक दिवसांसाठी जागा स्थगित. तपासणी रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमानं, एकाच नमुन्यात, दोन्ही बाजूंची नोंद एकाच नोंदवहीत. आणि सहा महिन्यांनी फेरआढाव्याची तारीख ठरावातच घाला. 'यथावकाश' लिहिलं की तो होत नाही.

---

पथारीपासून

एक तातडीचं, कारण कारवाई सुरू आहे असं वर लिहिलंय. माल उचलला तर यादी मागा. कायद्यानं यादी करून तिची सहीची प्रत विक्रेत्याला द्यायची असते. नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी परत मिळायला हवा, इतर माल दोन कामाच्या दिवसांत. त्यामुळे मागणी तोंडी करू नका. साध्या कागदावर अर्ज, वेळ टाकून, आवक शिक्का. भाजी दुपारी उचलली आणि अर्ज दुसऱ्या दिवशी दिला तर 'त्याच दिवशी'चं घड्याळ दुसऱ्या दिवशी सुरू होतं, आणि तोवर भाजी फेकायच्या लायकीची झालेली असते. कोरे अर्ज आजच छापून प्रत्येक गाडीवर चार-चार ठेवा.